अठरा नंबरचं घर

आठवी-नववीला इतिहास शिकवताना एक चित्र मी दरवर्षी मुलांना दाखवते. आफ्रिकेच्या नकाशावर एक लांबटांग्या साहेब फाकून उभा आहे, एक पाय खाली केपटाऊनला आणि दुसरा थेट वर कैरोला, हातात तारायंत्राची तार. सेसिल ऱ्होड्सवरचं हे व्यंगचित्र लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात डिसेंबर १८९२ मध्ये आलं होतं. (ह्याच 'पंच'च्या धर्तीवर आपल्या मुंबईत 'हिंदी पंच' निघत असे.) मुलं हसतात, 'बाई, त्याची पँट फाटेल' म्हणतात, आणि साम्राज्याची हाव म्हणजे काय ते दोन मिनिटांत समजावून होतं. चित्रकाराचं नाव मात्र इतक्या वर्षांत ना मी त्यांना सांगितलं ना त्यांनी विचारलं.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही लंडनला वन्संकडे गेलो होतो. राणीचा वाडा, घड्याळाचा मनोरा, मेणाचे पुतळे सगळं यथासांग झालं. मग एके दिवशी वन्सं म्हणाल्या, "अगं, आज पुरुष मंडळींना क्रिकेटला जाऊ दे. आपण दोघी एक घर बघून येऊ." मला वाटलं, कुणाचं तरी विकाऊ घर असेल. तर नाही. केन्सिंग्टन भागात स्टॅफर्ड टेरेस नावाची एक गल्ली आहे. एकाला एक चिकटलेली उंच घरं, सगळी सारखी. त्यातलं अठरा नंबरचं. बाहेरून बघून कुणी थांबणार नाही. आत गेल्यावर कळलं की एडवर्ड लिनली सॅम्बोर्न आणि त्याची बायको मॅरियन ह्यांचा दीडशे वर्षांपूर्वीचा संसार तिथे जवळजवळ जसाच्या तसा ठेवलाय. आणि भिंतीवरची चित्रं बघता बघता उलगडा झाला की माझा लांबटांग्या साहेब काढणारा माणूस तो हाच!

आता घराचं वर्णन कसं करू? दिवाणखाना पहिल्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीपासून मागच्या खिडकीपर्यंत एकसलग. भिंतीवर चित्राला चित्र चिकटून, जिन्यातसुद्धा वरपासून खालपर्यंत चौकटीच चौकटी. खुर्च्या इतक्या की हळदीकुंकवाला अख्खी गल्ली बोलवावी. फडताळांवर निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या बश्या, फुलदाण्या, पंखे, घड्याळं, पुतळे. खिडक्यांना रंगीत काचा, एका खिडकीला काचेची पेटी लावून त्यात नेचे वाढवलेले. बाहेरचा उजेड आत येतो तो हिरवा-पिवळा होऊनच. पहिली पाच मिनिटं मी नुसती 'अगं बाई' म्हणत होते. सहाव्या मिनिटाला वन्सं माझ्या कानात म्हणाल्या, "हे सगळं पुसायचं कुणी गं?"

मैत्रिणींनो, त्या प्रश्नानं मी जी अडकले, ती पुढचे दोन तास तेवढंच शोधत हिंडले.

आधी माणसांची ओळख करून देते. लिनली १८४४ सालचा जन्मलेला. आधी ग्रिनिचच्या एका इंजिनांच्या कारखान्यात नकाशे काढायला होता. १८६७ पासून 'पंच'मध्ये त्याची चित्रं येऊ लागली आणि पुढे जन्मभर येत राहिली. मॅरियन हेरापाथ ही शेअरदलालाची मुलगी, माहेर सुखवस्तू. ऑक्टोबर १८७४ मध्ये लग्न झालं आणि लगोलग हे घर घेतलं. दोन हजार पौंडांना, तेही कायमचं नव्हे, ८९ वर्षांच्या करारानं. १८७५ मध्ये राहायला आले आणि त्याच वर्षी मुलगी झाली, मॉड. तीन वर्षांनी मुलगा, रॉय.

त्या काळात तिकडे घर 'सुंदर' करायची एक लाटच आली होती. जपानी पंखे, निळी-पांढरी चिनी माती, आणि विल्यम मॉरिसचे भिंतीचे कागद. हे कागद लाकडी ठशांनी छापत, आपल्या छिपांनी कापड छापावं तसे. जवळपासच मोठमोठ्या चित्रकारांचे महाल होते. लॉर्ड लेटनचं घर तर चालत जाण्याच्या अंतरावर. त्यानं आत अरबी फरशांची अख्खी खोली बांधली होती. सॅम्बोर्न जोडपं ह्या मंडळींकडे जेवायला जाई आणि त्यांना आपल्याकडेही बोलावी. पण लेटनची मिळकत कुठे आणि साप्ताहिकात चित्रं काढणाऱ्याची कुठे!

इथे मला हे घर फार आपलंसं वाटलं. भिंतीवरच्या चौकटींत अस्सल तैलचित्रं थोडीच. बाकी छापील चित्रं, 'पंच'मधल्या मित्रांची रेखाटनं आणि जगप्रसिद्ध चित्रांचे चक्क फोटो. आपण नाही का रविवर्म्याची लक्ष्मी कॅलेंडरातून कापून चौकटीत घालत! पुढे दिवाणखान्यात लिनलीला कातड्यासारखा दिसणारा, सोनेरी उठावाचा जपानी कागद लावायची हौस आली. कागद महाग. मग त्यानं काय केलं असेल? चित्रं जिथे टांगलेली, त्यांच्या मागे नवा कागद लावलाच नाही! जेवढं दिसतं तेवढ्यालाच लावला. चौकट बाजूला केली की मागे जुना मॉरिसचा कागद तसाच. हे ऐकल्यावर वन्सं इतक्या मोठ्यानं हसल्या की आमच्याबरोबरच्या एका म्हाताऱ्या साहेबानं वळून बघितलं. आमच्याकडे दिवाळीत रंग लावताना कपाटामागची भिंत सोडतात, ती काटकसर काही आम्ही शोधून काढलेली नाही म्हणायची.

घर सजवलं ते मुख्यतः लिनलीनं. खुर्ची कुठली आणि पडदा कुठला, हे तोच ठरवी. त्याचं कामही घरातच. सुरुवातीची कितीतरी वर्षं तो दिवाणखान्याच्याच एका टोकाला बसून चित्रं काढी. 'पंच'च्या मंडळींचं दर बुधवारी रात्री एकत्र जेवण असे, त्यात पुढच्या अंकाच्या मुख्य चित्राचा विषय ठरे आणि शुक्रवारपर्यंत चित्र हातावेगळं करावं लागे. म्हणजे दर आठवड्याला घरात परीक्षेचे दिवस! पाहुणे आले तरी ह्याच खोलीत, मुलांची आजारपणं वरच्या खोल्यांत, आणि हा इथे कागदावर वाकून. घराच्या माळ्यावरची मुलांची खोली मुलं मोठी झाल्यावर, १८९९ च्या सुमाराला, त्याला कामाला मिळाली.

वेळ वाचावा म्हणून त्यानं फोटोग्राफी शिकून घेतली. चित्रात पोलीस हवा असेल तर स्वतः पोलिसाचे कपडे घालून उभा राही. कधी मुलांना, कधी घोडेवाल्याला, कधी मोलकरणीला उभं करी. एकट्यानं हजारो फोटो काढलेत. बरेचसे निळ्या छापाचे, पूर्वी इमारतींचे नकाशे ज्या पद्धतीनं निळ्या कागदावर निघत त्याच स्वस्त पद्धतीचे. ते धुवायचे कुठे? तर न्हाणीघरात. संगमरवरी टब मोठ्या हौसेनं बसवलेला, त्यात हा फोटो भिजत घालणार! टबाजवळ उभं राहून मी मॅरियनचा विचार करत होते. घरात आंघोळीच्या वेळा कशा जुळवल्या असतील तिनं? आणि हो, कपड्यांशिवाय बसणाऱ्या मॉडेल बायकांचे फोटोही तो काढी. बहुतेक कॅमेरा क्लबात, आणि घरी काढलेच तर मॅरियन माहेरी वगैरे गेली असताना. कला ती कला, हे मी वर्गात मुलींना सांगीनसुद्धा. पण बायको गावाला गेल्याचा मुहूर्त बघून केलेली कला जरा वेगळीच, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

आता मॅरियन. तिनं चित्र काढलं नाही, कागद निवडला नाही. तिनं रोजनिशी लिहिली. १८८१ पासून पुढे तीसेक वर्षं, रोज चार-दोन ओळी. आज जेवायला कोण होतं, काय केलं होतं, कुणाला पत्र लिहिलं, मुलाला ताप, नवी मोलकरीण, जुनी निघून गेली, कपडे शिवायला टाकले, पैशाची काळजी. असल्या नोंदी. तिला काही पुस्तक लिहायचं नव्हतं. पण शर्ली निकल्सन नावाच्या बाईंनी ह्या वह्या बारकाईनं वाचून १८८८ नव्हे, चक्क शंभर वर्षांनी, १९८८ साली त्यांच्या आधारे एक पुस्तक लिहिलं. त्या घरात आज जे काही सांगतात, कोणत्या खोलीत कोण बसे, चहा केव्हा येई, पाहुणे कसे येत, त्यातलं पुष्कळसं मॅरियनच्या त्या चार ओळींतून कळलेलं आहे. घराच्या भिंती लिनलीनं बोलक्या केल्या असतील, पण त्या घरात माणसं जगत होती हे सांगते मॅरियन.

आणि वन्संच्या प्रश्नाचं उत्तरही तिच्याच वह्यांत. पुसत होत्या मोलकरणी. स्वयंपाकीण, वाढायची बाई, घर झाडायची बाई, मुलं लहान होती तेव्हा दाई. तळघरात राबायचं आणि रात्री सगळे जिने चढून माळ्यावर झोपायचं. लंडनमध्ये तेव्हा घरोघरी कोळशाच्या शेगड्या. दर खोलीत कोळसा न्यायचा, राख खाली आणायची, आणि त्या काजळीत ह्या शेकडो वस्तू रोज झटकायच्या. घराची डागडुजी करून ते २०२२ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा माळ्यावरची मोलकरणीची खोलीही पूर्वीसारखी मांडून ठेवली. खाली एवढी भरगच्च सजावट बघून आल्यावर त्या खोलीत क्षणभर कानठळ्या बसल्यासारखं झालं, उलट्या बाजूनं. बघण्यासारखं काही नाहीच. मोलकरणी टिकत नसत ह्याचं मॅरियनला नवल वाटत असेल. मला वाटलं नाही.

हे घर राहिलं कसं, ती गोष्टही बायकांचीच आहे, एक पुरुष सोडून. लिनली १९१० मध्ये गेला, मॅरियन १९१४ मध्ये. मुलगा रॉय लग्न न करता तिथेच राहिला, १९४६ मध्ये वारेपर्यंत. त्यानं घरासाठी काय केलं? काही नाही! ना भिंत पाडली, ना फर्निचर बदललं. पुरुषमाणसाच्या आळसाचा एवढा उपयोग इतिहासात क्वचितच झाला असेल. मग घर आलं बहिणीकडे, मॉडकडे. ती लग्न होऊन मोठ्या श्रीमंत घरी, मेसेल कुटुंबात गेली होती, पण आईबापांचं घर तिनं मोडू दिलं नाही. १९६० मध्ये ती गेल्यावर तिची मुलगी ॲन हिनं ते सांभाळलं. ही ॲन म्हणजे लॉर्ड रॉसची बायको आणि राजकन्या मार्गारेटचा नवरा लॉर्ड स्नोडन ह्याची आई.

ह्या ॲनचं मला कौतुक वाटलं. कारण तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं सगळं म्हणजे भंगार, असंच लोक समजत. त्या काळच्या मोठमोठ्या इमारती पाडत होते, फर्निचर कवडीमोलानं फुंकत होते. तेव्हा नोव्हेंबर १९५७ मध्ये तिनं ह्याच दिवाणखान्यात काही मंडळींना जमवलं. कवी जॉन बेट्जमन होते, इमारतींचे मोठे जाणकार निकोलस पेव्हस्नर होते. त्यातून पुढच्या वर्षी 'व्हिक्टोरियन सोसायटी' उभी राहिली आणि कितीतरी जुन्या वास्तू वाचल्या. १९८० मध्ये ॲननं घर सामानासुमानासह लंडनच्या नगरसंस्थेला दिलं, विकतच, आणि त्याच वर्षी ते लोकांना बघायला खुलं झालं. १९८९ पासून ते केन्सिंग्टनच्या नगरपालिकेकडे आहे. मुंबईत जन्मलेल्या इस्माईल मर्चंट ह्यांच्या 'अ रूम विथ अ व्ह्यू' ह्या १९८५ च्या सिनेमात हे घर दिसतं. कुठे पाहिलंय मिळाला तर खोल्या ओळखून बघा. पूर्वी घराला लिनली सॅम्बोर्नचं पूर्ण नाव होतं, आता नुसतं 'सॅम्बोर्न हाऊस' म्हणतात. त्यात मॅरियनही आली असं आपण धरू या.

तिथून निघताना वन्संना घर आवडलं, मला मात्र घशात काहीतरी अडकल्यासारखं होत होतं. कारण सांगते. तीन वर्षांपूर्वी आम्ही घराला रंग दिला, तेव्हा सासूबाईंच्या लोखंडी पेटीतल्या हिशेबाच्या वह्या मी रद्दीवाल्याला दिल्या. लग्न झाल्यापासून त्या रोजचा खर्च लिहितात. दूध, भाजी, रॉकेल, वाण्याची उधारी, कुणाच्या मुंजीचा आहेर. पेटी सडली होती, वह्यांना वास येत होता, आणि मला कपाटात जागा हवी होती. मी विचारलंसुद्धा नाही. रद्दीचे पैसे त्यांच्या हातात दिले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "गेल्या होय?" आणि भाजी निवडत बसल्या. बी.ए.ला मी इतिहास घेतला होता, बरं का. 'साधनं' म्हणजे काय ह्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं.

तेव्हा तुमच्या घरी असं काही असेल तर घाई करू नका. तिथल्या देखरेख करणाऱ्या बाईंना मी चार गोष्टी विचारून घेतल्या, त्या सांगते. जुन्या फोटोंचा खरा वैरी ऊन. तिथे पडदे सदा ओढलेले असतात, दिवे मंद. ते निळे फोटो उजेडात राहिले की फिके पडतात, पण गंमत अशी की अंधारात ठेवले तर रंग बराचसा परत येतो. आपल्या रंगीत फोटोंचं तसं नाही, गेला तो गेला. म्हणून लग्नाचा फोटो उन्हाच्या भिंतीवर लावू नका. चौकटी ओल्या फडक्यानं पुसू नका, मऊ कुंचल्यानं धूळ झटका. फोटोच्या मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलनं, बॉलपेनचा वळ पुढे उठतो. चिकटणाऱ्या पानांचे अल्बम टाळा, आणि जुना कागद लॅमिनेट तर मुळीच करू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. त्यापेक्षा धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून कसर-बुरशी बघा. नावं लिहायला मात्र आजच बसा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवून, 'ही कोण, ही कोण' विचारत.

परत आल्यावर आईंना मी सगळी हकीकत सांगितली. वह्यांचंही बोलले, चूक झाली म्हटलं. त्यांनी मॅरियनबद्दल शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती बायका होत्या तिच्याकडे कामाला?"

"चार तरी."

"मग लिहील नाही तर काय करील!"

पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी देवघराखालचा खण उघडला आणि पोथ्यांच्या खालून दोन वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. पेटीत नसल्यामुळे वाचलेल्या. त्यातली एक १९८४ सालची, म्हणजे ह्यांचा जन्म झाला ते वर्ष. आईंचं दुसरेपण असल्यानं त्या माहेरी गेल्या नव्हत्या, बाळंतपण इथेच झालं. आदल्या दिवसापर्यंत त्यांच्या बारीक अक्षरात सगळं आहे, डिंक, खारीक, अहळीव, दोन वार मलमल. पुढचे बारा दिवस अक्षर बदललंय, मोठं आणि तिरपं. सासऱ्यांचं. बारा दिवसांची मिळून एकच ओळ: 'किरकोळ, ६० रुपये.'

"किरकोळ म्हणजे काय, ते मी त्यांना अजून विचारते," आई म्हणाल्या, "आठवत नाही म्हणतात."